गाडीच्या नाकाला फडकं

निपाणी,
ता. १२ फेब्रुवारी १९८४

चि. सिद्राम यास,

आक्काचा जयभीम व अ. आ. वि. वि. आम्ही हितं बरी हाय. तुम्ही दोघं बरी असशीला असं धरून चालते. तू पत्र घालत न्हाईस, मग धरूनच चालाय लागतंय.

पत्रास कारण गाडी, दुसरं काय असणार! दिवाळीत तुझ्याच एजन्सीतनं आणली, तवापासनं घरात तिचंच कौतिक आणि तिचीच दुखणी. तुझ्या दाजींनी बावीस वर्सं वखारीच्या शेटजींची गाडी चालवली. दार उघडायचं, शेटजी बसले की दार लावायचं. आता फंडाच्या पैशात स्वतःची टॅक्सी झाली तर दाजी स्वतःच्याच गाडीत बसताना इकडं तिकडं बघून बसतात. मी हसते, पण बरं वाटतं बघ.

सकाळी सदलग्याकडच्या बायका वखारीत आणायच्या, दिस बुडायच्या आत पोचवायच्या, मधी चिकोडीचं एखादं भाडं. असं बरं चाललंतं. पण हंगाम सुरू झाला. आमच्या चाळण्या चालू झाल्या की तंबाखूचा गर्दा रस्त्यापर्यंत येतो, आणि टॅक्सीचा स्टँड नेमका वखारीच्या दाराम्होरं. गाडी त्यात दिसभर उभी. परवा स्तवनिधीच्या चढाला ती म्हाताऱ्या माणसागत धापा टाकाय लागली. दाजींनी बॉनेट उघडून तो गोल डबा खोलला, तुम्ही एअर क्लीनर म्हणतासा तो. आतला कागद तपकिरीनं भरलेला. झटकून लावला. आठ दिसांनी पुन्हा तसाच. असं तीनदा झालं.

तसला कागद निपाणीत मिळत न्हाय. कोल्हापुरात दुसऱ्या कंपनीचा मिळतोय, पण दाजी घेत न्हाईत. कंपनीचाच लावाय पाहिजे, न्हाईतर ग्यारंटी जाईल म्हणतात. ते ग्यारंटीचं पुस्तक इंग्रजीत हाय. त्यातली मे महिन्याची चार तारीख तेवढी दाजींना वाचता येते. पुस्तक आईच्या ट्रंकेत, तिच्या लुगड्याखाली ठेवलंय.

तू ग्यारंटीच्या टेबलावर बसतोस, तर दोन-चार कागद तेवढे धाडून दे. माझा खोकला हाय तसाच. जयाला आशीर्वाद. बहीण हाय हे ध्यानात राहू दे, म्हणजे झालं.

तुझी,
आक्का (अंजना)


बेळगाव,
ता. २१ फेब्रुवारी १९८४

ती. आक्कास,

सिद्रामचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. घरात आंतरदेशीय नाही आणि पोस्टात जायला सवड नाही, म्हणून एजन्सीच्या छापील कागदावरच लिहितोय. वरचं नाव आणि शिक्का बघून घाबरू नको, नोटीस नाही ती.

आक्का, मी इथं सकाळी नऊला बसतो तो लोकांच्या तक्रारी ऐकत बसतो. कुणाच्या दाराचा आवाज येतो, कुणाचा दिवा लागत नाही. प्रत्येकाला वाटतं ग्यारंटी म्हणजे गाडीला झालेलं सगळं सिद्रामनं निस्तरायचं. मी फॉर्म भरतो, साहेब तो परत पाठवतात, गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं. अकरा वर्षं खाली वर्कशॉपच्या खड्ड्यात पाने फिरवले, तेव्हा अंग दुखायचं. आता डोकं दुखतं. औंदा साहित्य संमेलनाला जायचं ठरवलं होतं, तेही राहिलं. जया म्हणते, तुम्ही घरी येता पण आल्यासारखं वाटत नाही.

कागद संपलेत. हुबळीहून पंधरा दिवसांत येतील असं मी स्वतः तीन वेळा लोकांना सांगितलंय, आता चौथ्यांदा तुला सांगतो. तोवर एक करा. तुम्ही बायका वखारीत नाकाला ओलं फडकं बांधून चाळण मारता का नाही? तसंच गाडीच्याही नाकाला बांधा. त्या डब्याला पुढं सोंडेसारखी नळी असते, तिथूनच ती श्वास घेते. मग आत कागद तरी कशाला पाहिजे? तुम्ही कुठं नाकात कागद कोंबून वखारीत जाता!

दाजींना म्हणावं, बावीस वर्षं शेटजींची गाडी सांभाळली, ही पण सांभाळाल. खोकल्याला औषध घे. घेतेस का नाही ते मात्र खरं लिही.

तुझा धाकटा,
सिद्राम


निपाणी,
ता. १५ मार्च १९८४

चि. सिद्राम यास,

आक्काचा जयभीम व अ. आ. वि. वि. तुझ्या पत्रानं लई काम केलं बघ. सांगते ते नीट वाच.

तू लिहिलंस तसं केलं. आधी दाजी तयारच हुईनात. कंपनीनं दिलेलं काढायचं कसं म्हणून दोन दिस बसून राहिले. मी तुझं पत्र त्यांच्या म्होरं धरलं. म्हटलं, ह्याच्यावर एजन्सीचं नाव हाय, खाली तुमच्या मेव्हण्याची सही हाय, आणि तो ग्यारंटीच्याच टेबलावर बसतोय, आणि काय पाहिजे? मग उठले.

पत्र्याचं काम करणाऱ्या परशरामला बोलावलं. त्यानं तेलाचा डबा कापून ती सोंड म्होरं दिव्याच्या बाजूपर्यंत लांब करून दिली, जोडाला कथलाचा डाग बी चांगला दिला. आतला कागद काढून ट्रंकेत पुस्तकाशेजारी ठेवला. सोंडेच्या तोंडाला मी फडकं चौपदरी करून सुतळीनं बांधलं. सकाळी ओलं करते, सांजच्याला सोडून धुते. पाणी चहागत निघतंय बाबा! म्हणजे एवढं सगळं गाडीच्या पोटात जात हुतं की रं. दाजी म्हणतात गाडी आता धापा टाकत न्हाय. स्टँडावरचे बाकीचे ड्रायव्हर येऊन बघून जातात. दाजी त्यांना सांगतात, बेळगावच्या सुपरवायझरनं सांगितलंय.

फडकं जाडं घेतलं तर हवा मिळत न्हाय, आणि नवं चालत न्हाय. आईचं एक जुनं मऊ लुगडं उरलंतं, हिरव्या काठाचं. त्यातलंच एक फडकं ती आणि तिच्यामागनं मी वखारीत बांधत आलोय. तेच गाडीला दिलं. दुसरं तसलं मऊ आता कुठलं मिळतंय? मला काय, पदर हाय की.

खोकल्याला औषध घेते. जयाला पाडव्याला घेऊन ये. आलास तर गाडी आणाय धाडते, आता काय कमी हाय!

तुझ्यावर खूश असलेली,
आक्का


(कार्ड)

बेळगाव, ता. २४ मार्च १९८४

ती. आक्कास सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र पोचलं. वरची एक ओळ वाचली आणि टेबलावर माणसं आली, मग ते खिशातच राहिलं. गाडी बरी चालली आहे एवढं कळलं, जीव भांड्यात पडला. पाडव्याला येणं जमत नाही. वर्षअखेर आहे, साहेब मान वर करू देत नाहीत. राग मानू नको.
सिद्राम


निपाणी,
ता. २० एप्रिल १९८४

सिद्रामराव यांस,

यल्लाप्पाचा सप्रेम जयभीम. वि. वि. मला पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करा.

गाडी आजारी आहे. आठ दिवस झाले, मागनं काळा धूर येतो. ऑईल पिते. सकाळी चालू होत नाही, चालू झाली तर आत काहीतरी खडखडतं. काल सदलग्याच्या रस्त्याला बायकांना उतरून ढकलाय लागलं. दिवसभर चाळण मारून दमलेल्या बायका त्या, मला लाज वाटली.

चार तारखेपर्यंत ग्यारंटी आहे. सोमवारी दोर बांधून ट्रकमागनं गाडी बेळगावला आणतो. तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे. तुमच्या आक्काला मात्र झोप नाही, खोकला बी वाढलाय. तिला सांगितलंय की गाडीला काय व्हायचं नाही, आपला माणूस तिथं बसलाय.

आपला,
यल्लाप्पा


बेळगाव,
ता. २६ एप्रिल १९८४

ती. आक्कास,

सप्रेम जयभीम. वि. वि. रागानं लिहितोय, आधीच सांगतो.

सोमवारी गाडी आली. मी सगळ्यांच्या पुढं मोठ्या तोऱ्यात सांगितलं की ही आमच्या आक्काची गाडी, नीट बघा. बॉनेट उघडलं आणि खाली मान घालायची पाळी आली. पत्र्याची सोंड! तेलाच्या डब्याची, वर शेंगदाण्याचं चित्र तसंच! तोंडाला सुतळीनं बांधलेलं फडकं, वाळून चामड्यासारखं कडक झालेलं. आत कागदाचा पत्ता नाही. सगळा वर्कशॉप गोळा झाला. मॅनेजरसाहेब हसले, आणि मग हसायचे थांबले, ते जास्त वाईट.

इंजिन खोललं. ओल्या फडक्यात तंबाखूचा चीक बसून हवाच मिळेना, गाडी नुसतं पेट्रोल पीत राहिली. वर सुतळीच्या फटीतून गर्दा आत गेला तो गेलाच, अडवायला कागद नव्हता. पिस्टनच्या रिंगा घासून गेल्या, बोअरला चरे पडलेत. सहा महिन्यांची गाडी आणि पोटात दहा वर्षांची झालीय.

दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले की ती सोंड काढून टाका, ट्रंकेतला कागद मी आणून देतो, तो लावा, साहेबाला काय कळतंय. आक्का, ते माझ्याकडं बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते. पण मॅनेजरांनी सगळं बघितलंय. मी कसं लपवू? ८ मेला बंगळूरहून कंपनीचे तपासणीसाहेब येणार. त्यांच्या फॉर्मात एक रकाना आहे: मालकानं गाडीत काही बदल केला आहे काय, असल्यास कोणाच्या सांगण्यावरून. तो मी अजून कोरा ठेवलाय. केला असं लिहिलं की ग्यारंटी संपली.

मला एवढंच सांग, कुठल्या दीडशहाण्यानं हे तुम्हाला सांगितलं? तुझा भाऊ इथं बसलाय, एक पत्र टाकून विचारायला काय झालं होतं? मी थकलोय आक्का. परक्यांचं निस्तरता निस्तरता थकलो, आता घरच्यांचंही.

फडक्याला हिरवा काठ दिसला. आईच्या लुगड्यासारखा वाटला. ते तरी फाडायचं नव्हतं.

सिद्राम


निपाणी,
ता. ३० एप्रिल १९८४
(रजिस्टर पोस्टानं)

चि. सिद्राम यास,

आक्काचा जयभीम व अ. आ. वि. वि. तुझा राग पोचला.

तो दीडशहाणा तूच की रं.

संगं तुझंच पत्र घातलंय, फेब्रुवारीतलं. वाचून बघ. तुला आठवत न्हाय ह्याचा मला राग न्हाय, तू दिसाला शंभर माणसांशी बोलतोस. मी परवा पुन्हा वाचलं तवा माझ्या ध्यानात आलं की तू चेष्टा केलतीस. पहिल्यांदा वाचताना मला ती चेष्टा वाटलीच न्हाय. तू गाडीबद्दल काय लिहिलंस तर आम्ही ते त्या इंग्रजी पुस्तकापेक्षा खरं मानतो. आमची चूक म्हणशील तर एवढीच.

पत्र तुला का धाडतेय ते सांगते. दाजींनी तिथं चारचौघांत तुझं नाव घेतलं न्हाय, बेळगावासनं आले ते न जेवता बसून राहिले. मग म्हणाले, त्या पत्रावर एजन्सीचं नाव छापलंय, शिक्का हाय, सिद्रामची सही हाय. म्हणजे एजन्सीनंच लेखी सांगितलंय. ते साहेबाला दाखवू, इंजिन करून द्यायलाच लागंल. खरंच हाय त्यांचं. मी म्हटलं, पत्र चुलीत गेलं. पंचवीस वर्सांच्या संसारात त्यांच्याशी पहिलं खोटं बोलले. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना कळलं असणार. चप्पल घालून बाहेर गेले.

शेटजींच्या बंगल्यावर गेलते. ड्रायव्हरची जागा हाय का इचाराय. हे मला दुसऱ्याकडनं कळलं. बावीस वर्सांनी सुटलेला माणूस पुन्हा त्याच फाटकाशी.

पण तरी बी सांगते, पत्र जाळून टाक. आपली आई वखारीत खोकून खोकून गेली, मी तिथंच हाय. आपल्या घरातला एकच माणूस खुर्चीवर बसतोय, हातात पेन धरून. ती खुर्ची माझ्यामुळं गेली तर मला घास जायचा न्हाय. गाडीचं काय, पत्राच हाय तो. रकान्यात माझं नाव घाल. अडाणी बाईनं केलं म्हणावं. अडाणी म्हटलेलं मला काय लागत न्हाय, सवय हाय.

खोकल्याचं इचारू नको. हंगाम सरला की कमी हुईल.

तुझं भलं व्हावं म्हणणारी,
आक्का


बेळगाव,
ता. १६ मे १९८४

ती. आक्कास,

सिद्रामचा सप्रेम जयभीम. वि. वि. हे पत्र साध्या कागदावर आहे, बघ. छापील कागद आता माझ्या हाताला लागणार नाहीत.

तुझं रजिस्टर मिळालं त्या दिवशी मी जेवलो नाही. मीच लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. वाचताना मला तो दिवस आठवला. डोकं दुखत होतं, तुझं पत्र मला एक तक्रार वाटली, आणि तक्रारीला मी चेष्टेनं उत्तर दिलं. गिऱ्हाइकांना देत नाही असलं उत्तर. त्यांना भितो. तुला दिलं, कारण तू रागावणार नाहीस हे ठाऊक होतं.

पत्र जाळलं नाही. फॉर्मच्या मागं टाचणीनं लावलं. रकान्यात लिहिलं: होय, बदल केला आहे, एजन्सीचा ग्यारंटी सुपरवायझर सिद्राम याच्या लेखी सांगण्यावरून. जयाला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, तुम्ही खड्ड्यात होता तेव्हा घरी येऊन हसायचा तरी.

साहेब आले. त्यांना कन्नड आणि इंग्रजी येतं, मराठी अक्षर लागेना. मॅनेजर फोनवर होते. म्हणून पत्र मलाच कन्नडमध्ये वाचून दाखवायला लागलं. त्या क्षणी मला काहीही सांगता आलं असतं गं, माझ्याशिवाय त्या खोलीत मराठी वाचणारा कुणी नव्हता. सगळं होतं तसं सांगितलं. नाकात कागद कोंबण्याचं वाक्य आलं तेव्हा साहेबांनी मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. हसले नाहीत. स्वतःच्याच चेष्टेचं असं दोनदा भाषांतर करण्याची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

त्यांनी शेरा मारला की कंपनीची ग्यारंटी बाद. पण एजन्सीच्या माणसानं एजन्सीच्या कागदावर सांगितलं आहे, तेव्हा इंजिन एजन्सीनं करून द्यावं. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, ते तुला लिहीत नाही. एक जूनपासून मी पुन्हा खाली, खड्ड्यात, फिटर म्हणून. नोकरी गेली नाही, खुर्ची गेली. तू रडू नको. माझं डोकं चार दिवस झाले दुखलं नाही.

इंजिन मीच बांधलं. जून येईपर्यंत वाट बघवली नाही. रिंगा नव्या, बोअर नवा, सोंड काढून भिंतीला टांगली आहे, तो तेलाचा डबा आता वर्कशॉपात प्रसिद्ध आहे. दाजी परवा गाडी न्यायला आले. मी त्यांना दार उघडून दिलं. ते आधी बसेचनात, मग बसले, आणि मी दार लावलं. शेटजींकडं पुन्हा जायचं नाही एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. पण त्यांना रिकामं परत पाठवलं, गाडी आणखी चार दिवस ठेवून घेतली. सांगितलं की चालवून बघायची आहे. खरं कारण दुसरं होतं.

तुझं मार्चचं पत्र शोधत होतो. जुन्या शर्टाच्या खिशात सापडलं. वरची एक ओळच वाचली होती त्यातली. त्या रात्री पहिल्यांदा पुरतं वाचलं. तू वर लिहिलंयस, नीट वाच म्हणून. सोंड, परशराम, सगळं तेव्हाच कळवलं होतंस. तेवढं वाचलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तार केली असती. आणि खाली लिहिलंयस की वखारीत तू बांधायचीस तेच फडकं गाडीला दिलं, आणि तुला काय, पदर आहे की.

म्हणजे मार्चपासून सगळा हंगाम तू चाळणीवर उघड्या नाकानं बसलीस. गाडीचं फडकं ओलं करून, बांधून, मग स्वतः पदर घेऊन कामाला गेलीस. दाजींनी लिहिलं खोकला वाढलाय, तू लिहिलंस इचारू नको, आणि मी विचारलं नाही. आक्का, मला फार रडू आलं. गाडीच्या पोटात किती गर्दा गेला ते मी मापून फॉर्मात लिहिलं. तुझ्या छातीत किती गेला असेल?

फडकं मी कचऱ्यातून परत काढलं. जयानं सोड्यात तीनदा उकळलं, मग शिकेकाईत, मग दोन दिवस उन्हात. ह्याच्यासाठीच गाडी ठेवून घेतली होती. तांबूस डाग गेला नाही, पण मऊ झालंय, आणि आईचा हिरवा काठ निघालाय. शिवाय खडेबाजारात हिंडून जयानं तसलंच मऊ सुती कापड आणलं, त्याची सहा फडकी शिवली आहेत.

परवा मी स्वतः गाडी घेऊन येतोय, पत्राच्या मागोमागच पोचेन. येताना तुला बेळगावच्या दवाखान्यात घेऊन जाणार, मग तू काहीही म्हण. कंपनीचे दोन कागद डब्यात ठेवलेत. ते गाडीला. फडकं तुझ्या नाकाला बांध, ओलं करून, चौपदरी.

ही चेष्टा नाही.

तुझा,
सिद्राम